प्रभागाचं मासिक पत्रक: महापालिकेचे विषय ठराव होण्याआधी कसे कळतील?

पत्रकवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रभागातल्या सोसायट्या, चाळी आणि दुकानदार मिळून महिन्याला एक पानी पत्रक काढायचं चाललं आहे. विषय एकच: महापालिकेत आपल्या प्रभागाबद्दल काय ठरतंय. महापालिका मुंबईबाहेरची, म्हणजे १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखालची.

वर्तमानपत्रात ‘रस्त्याला मंजुरी’, ‘उद्यानासाठी निधी’ असं छापून येतं तेव्हा ठरायचं ते ठरून गेलेलं असतं. शिवाय ही मंजुरी नेमकी कुणाची आणि कशाला, तेही बातमीतून कळत नाही. एकच काम वर्षात तीनदा ‘मंजूर’ होतं आणि रस्ता तसाच राहतो.

विषय ठरण्याआधी कागद कुठे मिळतात, लोकांनी कुठल्या टप्प्यावर आणि कुणाला सांगितलं तर फरक पडतो, आणि पत्रकात काय छापावं, याबद्दल जाणकारांनी लिहावं.

इतिवृत्त

सुरुवात नगरसचिव कार्यालयापासून करा. खाती आयुक्तांच्या हाताखाली चालतात, पण सभांचं कामकाज नगरसचिव बघतात. कार्यपत्रिका, ठराव, इतिवृत्त हे सगळं तिथून निघतं. महापालिकेच्या संकेतस्थळावरही कार्यपत्रिका टाकतात, पण ती वेळेवर चढेलच असं धरून चालू नका.

मुख्य सभा (कुठे महासभा म्हणतात, कुठे सर्वसाधारण सभा) दरमहा निदान एकदा, २० तारखेच्या आत घ्यायची असते. साधारण सभेची नोटीस पूर्ण ७ दिवस आधी काढावी लागते आणि विषयांची यादी तिच्यासोबत येते. तुमचं पत्रक या ७ दिवसांवर बेता. महिनाअखेरीला काढलंत तर ते झालेल्या सभेचं वृत्त होईल. कार्यपत्रिका हातात पडल्यापासून तीन दिवसांत काढलंत तर लोकांना नगरसेवकांना गाठायला चार दिवस उरतात. स्थायी समितीचं तसं नाही. १६ सदस्यांची ही समिती दर आठवड्याला बसते आणि पैशाचे बहुतेक निर्णय तिथे होतात. मासिक पत्रक तिच्या मागे धावू शकणार नाही, तिच्यासाठी व्हॉट्सॲप गटावर दोन ओळी टाकायची सोय वेगळी ठेवा.

कार्यपत्रिकेत फक्त विषयाचं शीर्षक असतं आणि ते बहुधा मोघम असतं: ‘प्रभाग क्रमांक अमुक मधील विविध ठिकाणी पावसाळी गटार करणे’. ‘विविध ठिकाणी’ म्हणजे कुठे, ते सोबतच्या प्रस्तावात असतं. त्याला कुठे विषयपत्र म्हणतात, कुठे डॉकेट. ठिकाणांची यादी, रक्कम, बजेट हेड (अंदाजपत्रकातलं खर्चाचं शीर्षक) आणि खात्याचा अभिप्राय त्यात सापडतो. शीर्षक वाचून बातमी केली तर चुकण्याची शक्यता फार, त्यामुळे विषयपत्र हातात नसेल तर तो विषय पत्रकात घेऊ नका.

सभेची भाषा नीट समजून घ्या, कारण इथे नवख्यांची हमखास गल्लत होते. ‘विषय दाखल करण्यात आला’ याचा अर्थ तो स्वीकारला असा लोक घेतात. प्रत्यक्षात दफ्तरी दाखल म्हणजे विषय संपला, नामंजूर झाला. ‘तहकूब’ म्हणजे पुढे ढकलला, तो जिवंत आहे. ‘अभिप्रायासाठी आयुक्तांकडे’ म्हणजे खात्याचं मत आल्याशिवाय निर्णय नाही. असे विषय महिनोन्महिने पडून राहतात, पण नागरिकांना सर्वांत जास्त वाव इथेच असतो, कारण अभिप्राय लिहिणाऱ्या अभियंत्याकडे तुमचं निवेदन पोहोचवता येतं. ‘उपसूचनेसह मंजूर’ (म्हणजे मूळ प्रस्तावात सभेत सुचवलेल्या बदलासह) दिसलं तर मूळ प्रस्ताव बाजूला ठेवा आणि आधी उपसूचना मिळवा. मूळ विषय एका रस्त्याचा आणि उपसूचनेने जोडलेली कामं भलत्याच प्रभागातली, असं होऊ शकतं. ‘ऐनवेळचे विषय’ तर कार्यपत्रिकेत नसतातच, ते सभेनंतर ठरावाच्या प्रतीतूनच कळतात.

आणखी एक. ठराव झाला म्हणजे अंमल झाला असं नाही. कलम ४५१ खाली राज्य शासन ठराव निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकतं. खर्चाची तरतूद नसलेले किंवा कायद्यात न बसणारे ठराव त्या वाटेने जातात. म्हणून पत्रकात ‘ठराव झाला’ आणि ‘कार्यादेश निघाला’ (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) या दोन वेगळ्या नोंदी ठेवा.

मुख्य सभा लोकांना खुली असते. बसण्याच्या जागेचा पास नगरसचिव कार्यालयातून आधी घेऊन ठेवा. पहिल्या रांगेतल्या भाषणांपेक्षा पीठासनावरून विषय क्रमांक पुकारून निर्णय सांगितला जातो तिकडे कान ठेवा. शेवटच्या अर्ध्या तासात वीस-वीस विषय असे पुकारले जातात.

बजेटहेड

वरचं सगळं बरोबर, पण सभेत विषय येईपर्यंत थांबलात तर अर्धी लढाई गेलेली असते. कामाचं मूळ अंदाजपत्रकात असतं. तिथे हेड नसेल तर निवेदनं देऊन साधारण एकच उत्तर मिळतं: ‘तरतूद उपलब्ध झाल्यावर विचार करू’.

वर्षाचं चक्र असं. पावसाळा संपता संपता खाती पुढच्या वर्षाच्या मागण्या गोळा करू लागतात. कलम २९ अ नुसार प्रभागांवरच्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी प्रभाग समितीने त्यावर शिफारस करायची असते. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातल्या प्रभाग समितीच्या बैठका तुमच्यासाठी वर्षातल्या सर्वांत महत्त्वाच्या. पुढे आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायीला सादर करतात, स्थायी बदल करून मुख्य सभेला देते आणि ३१ मार्चच्या आत ते मंजूर होतं. करांचे दर मात्र २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात. करवाढीबद्दल बोलायचं असेल तर फेब्रुवारीचं पत्रक उशिराचं ठरेल, जानेवारीतच लिहा.

पुण्यात नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवण्याची पद्धत २००६ च्या सुमारास सुरू झाली. ज्या महापालिकेत असा अर्ज असेल तिथे तो भरा, पण कामाचं वर्णन मोजमापात लिहा. ‘पदपथ सुधारावा’ असा अर्ज बाजूला पडतो. ‘शाळेच्या फाटकापासून चौकापर्यंत, डावी बाजू, सुमारे १८० मीटर लांब, १.८ मीटर रुंद, ४ ठिकाणी फरशी उखडलेली, २ विजेचे खांब मधोमध’ असं लिहिलं तर कनिष्ठ अभियंत्याला त्यावरून थेट पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज) करता येतं. जागा महापालिकेच्या मालकीची किंवा ताब्यातली आहे का, हे आधी बघा. सोसायटीच्या आतला रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित नसेल तर मागणी तिथेच अडकते, आणि अर्ज फेटाळले जाण्याचं हे फार मोठं कारण आहे.

आता अंदाजपत्रक वाचताना. तुमच्या कामाच्या नावासमोर रक्कम दिसली की लगेच आनंदाची बातमी छापू नका. दोन गोष्टी तपासा. पहिली, ती टोकन तरतूद तर नाही? हेड उघडं ठेवण्यापुरती नाममात्र रक्कम टाकलेली असते, तिच्यातून काम निघत नाही. दुसरी, मागचं दायित्व किती? समजा हेडवर १ कोटी आहेत आणि आधीच्या वर्षाच्या चालू कामांची ८५ लाखांची देयकं द्यायची आहेत, तर नव्या कामाला १५ लाखच उरतात. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात हे लिहिलेलं नसतं. संबंधित खात्याच्या लेखा लिपिकाकडे ‘या हेडवरचं दायित्व किती’ असं विचारावं लागतं.

आणि वर्षभर लक्ष ठेवायचं ते वर्गीकरणावर. एका हेडवरचे पैसे उचलून दुसऱ्यावर टाकायचा प्रस्ताव म्हणजे वर्गीकरण. डिसेंबरनंतर त्यांचा ओघ वाढतो. विषयपत्रात ‘या कामातून’ आणि ‘या कामाकडे’ असे दोन रकाने असतात. ‘या कामातून’ मध्ये तुमच्या प्रभागाचं नाव दिसलं की समजा पैसे निघाले. माझ्या मते तुमच्या पत्रकाने बाकी काही केलं नाही आणि फक्त वर्गीकरणं छापली, तरी ते काढण्याचं सार्थक होईल.

मोजपट्टी

‘एकच काम तीनदा मंजूर’ याचा उलगडा करतो. प्रशासकीय मान्यता म्हणजे हे काम अमुक खर्चात करायला हरकत नाही. तांत्रिक मान्यता म्हणजे सक्षम अभियंत्याने आराखडा आणि पूर्वगणनपत्रक तपासून बरोबर ठरवलं. त्यानंतर निविदा, आणि आलेल्या सर्वांत कमी दराला स्थायी समितीची मंजुरी. बातम्या या तिन्ही टप्प्यांना ‘मंजुरी’ म्हणतात. त्यापुढे अनामत, करारनामा आणि मग कार्यादेश. कार्यादेशाची तारीख हीच खरी बातमी, कारण कामाची मुदत तिच्यापासून मोजतात.

निविदेच्या टप्प्यावर राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर कागद पाहता येतात. तिथलं परिमाणपत्रक उतरवून ठेवा. त्यात प्रत्येक बाब, एकक आणि परिमाण असतं: खोदाई किती घनमीटर, खडीचा थर किती जाडीचा, काँक्रीट कुठल्या ग्रेडचं, चेंबर किती. काम सुरू झाल्यावर तक्रार करायला हाच कागद हवा. ‘काम निकृष्ट आहे’ या वाक्याला कुणी उत्तर देत नाही. ‘परिमाणपत्रकातली बाब क्रमांक ७ नुसार १५० मिलिमीटर थर हवा, अमुक खांबासमोर ९० मिलिमीटर भरला, पट्टी लावून काढलेला फोटो जोडला आहे’ या वाक्याला द्यावं लागतं. मोजणी थर झाकला जाण्याआधीच होऊ शकते, त्यामुळे कोणता थर कधी टाकणार हे उपअभियंत्याला विचारून ठेवा.

फार कमी दराने गेलेल्या निविदेकडे जास्त लक्ष द्या. अंदाजापेक्षा २५–३० टक्के कमी दराने काम घेतलं असेल तर कसर कुठेतरी भरून काढायचा मोह होतो, आणि तो बहुधा झाकल्या जाणाऱ्या थरांत आणि पाणी मारण्यात दिसतो. काँक्रीटची अपेक्षित ताकद २८ दिवसांची धरतात. पहिले दोन आठवडे ते ओलं राहिलं नाही तर पृष्ठभाग भुरभुरतो आणि बारीक तडे जातात. ओली पोती किंवा पाण्याचे वाफे आहेत की नाहीत, हे कुणालाही रस्त्यावरून जाताना दिसतं.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो समन्वयाअभावी. रस्ता होतो आणि चार महिन्यांत जलवाहिनीसाठी फोडला जातो. कार्यादेशाआधी एकच लेखी प्रश्न विचारा: या लांबीत पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि वीज वाहिन्यांची कामं पुढच्या तीन वर्षांत प्रस्तावित आहेत का, आणि त्या खात्यांचे अभिप्राय फाइलमध्ये आहेत का? हा प्रश्न आवक क्रमांकासह गेला की फाइलला लागतो, आणि मग तो टाळून पुढे सरकणं अवघड होतं.

काम संपल्यावर दोष दायित्व कालावधी पत्रकात छापा, शेवटच्या तारखेसह. त्या मुदतीत खड्डा पडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची. तारीख कुणाच्या लक्षात नसते म्हणून त्याच खड्ड्यासाठी नवी निविदा निघते.

पत्रकवाला

मोठी मदत झाली. आणखी एक विचारतो. प्रभागातल्या खेळाच्या मैदानाचं आरक्षण बदलण्याबाबत कलम ३७ खाली नोटीस आली आहे, हरकती मागवल्या आहेत. छापील नमुन्यावर हजार सह्या गोळा करण्याचा विचार आहे. उपयोग होईल का? आणि बऱ्याच ठिकाणी आधी प्रशासक होते, त्या काळातले निर्णय कुठे सापडतील?

भागनकाशा

कलम ३७ म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ मधलं मंजूर विकास योजनेतल्या (शहरातली कुठली जागा कशासाठी, हे ठरवणाऱ्या आराखड्यातल्या) फेरबदलाचं कलम. नोटिशीपासून हरकतींना एक महिना असतो. महिना नोटिशीच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नाही. सुनावणीनंतर प्रस्ताव राज्य शासनाकडे मंजुरीला जातो, म्हणजे अंतिम निर्णय महापालिकेचा नसतो.

हजार सह्यांचा एकच मजकूर असेल तर तो बहुधा एक मुद्दा म्हणून नोंदला जातो आणि सुनावणीही एकत्र होते. लोकभावना दाखवायला सह्या ठीक, पण त्यांच्यासोबत वेगवेगळ्या मुद्द्यांच्या दहा-पंधरा स्वतंत्र हरकती द्या. प्रत्येकीत आरक्षण क्रमांक, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, नोटिशीचा क्रमांक आणि तारीख हवी. ‘सुनावणीची संधी मिळावी’ हे शेवटी स्पष्ट लिहा, पत्ता पूर्ण द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मुद्दे कसे निवडायचे? कायद्यात अट आहे की हा फेरबदल योजनेचं मूळ स्वरूप बदलणारा नसावा. प्रभागातलं हे एकमेव मैदान असेल तर तो मुद्दा इथे बसतो. त्यासाठी विकास योजना अहवालातला तक्ता काढा: नियोजन विभागाची लोकसंख्या, मैदानांचं अपेक्षित क्षेत्र, आरक्षित क्षेत्र आणि प्रत्यक्ष विकसित क्षेत्र. फेरबदलानंतर तूट किती वाढते ते चौरस मीटरमध्ये मांडा. दुसरा मुद्दा, पर्यायी जागा दिली आहे का आणि ती किती अंतरावर? ती रेल्वेमार्गाच्या किंवा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे असेल तर मुलं तिथे चालत पोहोचणार नाहीत, हे नकाशावर दाखवा. तिसरा, महापालिकेच्या सभेचा ठराव आधी झाला आहे का, तो क्रमांक नोटिशीत आहे का? चौथा, नोटिशीसोबतचा भाग नकाशा (त्या जागेपुरता नकाशा) पाहायला खरंच उपलब्ध होता का? नसेल तर ते मुदतीतच लेखी कळवा, नंतर सांगून उपयोग होत नाही.

सुनावणीत प्रत्येकाला फार थोडा वेळ मिळतो. एक पान लेखी म्हणणं, नकाशाची खूण केलेली प्रत, आणि तोंडी फक्त दोन मुद्दे. रागावून बोललेलं इतिवृत्तात येत नाही, लेखी दिलेलं फाइलला लागतं.

झाडांसाठी वाट वेगळी. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली तोडीची नोटीस वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि झाडावरही लावावी लागते. मुदत फार तोकडी असते, त्यामुळे पत्रकाची वाट न पाहता त्याच दिवशी फोटो आणि नोंद पाठवा. ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्षाचा दर्जा आहे, म्हणून हरकतीत खोडाचा घेर आणि अंदाजे वय लिहा.

इतिवृत्त

प्रशासक काळाबद्दल. बऱ्याच महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत तिथे प्रशासक होते. त्या काळात मुख्य सभेचे आणि स्थायीचे अधिकार त्यांच्याकडेच होते. ठराव थांबले नव्हते, प्रशासक ठराव म्हणून क्रमांकाने नोंदलेले आहेत. नगरसचिव कार्यालयात वर्षवार यादी मागा. आज सभेत येणाऱ्या अनेक कामांची प्रशासकीय मान्यता तिथे सापडेल.

कागद बघायला माहिती अधिकाराचा अर्ज हा पहिला उपाय समजू नका. २०१८ च्या शासन निर्णयानुसार महापालिकांतही दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला मिळतात. फाइलचा विषय आणि खातं चिठ्ठीवर लिहून न्या, शक्य तर दोन दिवस आधी कळवा, नाहीतर फाइल वरिष्ठांकडे गेली आहे असं उत्तर मिळतं. आधी फाइल बघा, हवी ती पानं हेरा, आणि मग त्याच पानांसाठी अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये. ‘कारण काय’ असा प्रश्न विचारू नका, कागद मागा: ‘अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेतील नोंदींच्या व अंतिम देयकाच्या प्रती’. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये.

कोपरसभा

आमच्याकडे महापालिका नाही, नगरपरिषद आहे. हेच लागू पडेल का?

इतिवृत्त

अंशतः. तुमचा कायदा १९६५ चा. नगराध्यक्ष थेट निवडून येतात, प्रशासन मुख्याधिकाऱ्यांकडे असतं, आणि ठरावाला स्थगिती द्यायचा अधिकार कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. कलम ३७ ची प्रक्रिया, माहिती अधिकार आणि सोमवारची पाहणी तुम्हालाही लागू.

बजेटहेड

पत्रकाच्या मांडणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. वरच्या अर्ध्या पानावर फक्त ‘येणारे विषय’ ठेवा: विषय क्रमांक, जागा, रक्कम, आत्ताचा टप्पा, सभेची तारीख, कुणाकडे बोलायचं. खालच्या अर्ध्यावर मागच्या महिन्याच्या विषयांचं काय झालं ते. ‘काही हालचाल नाही’ हीसुद्धा नोंद करा. तीन महिने लागोपाठ तीच नोंद दिसली की लोक विचारू लागतात. नगरसेवकांची स्तुती किंवा निंदा नको, त्यांनी कुठल्या विषयावर काय सूचना दिली एवढंच ठरावाच्या प्रतीवरून छापा. प्रभाग चार सदस्यांचा असेल तर निवेदन चौघांना एकाच पत्राने द्या आणि चारही पोचा ठेवा. वेगवेगळं बोललात तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो.

छापण्याआधी एक बघा. ठरावीक नावाने, ठरावीक काळाने छापलेलं आणि सार्वजनिक बातम्या देणारं पत्रक २०२३ च्या प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायद्याच्या व्याख्येत येऊ शकतं. नोंदणीचं आधी विचारून घ्या आणि मुद्रक, प्रकाशकाचं नाव खाली टाका. आचारसंहितेच्या काळात तर पत्रक कुणा उमेदवाराच्या बाजूचं दिसणार नाही याची जास्त काळजी घ्यावी लागेल.

पत्रकवाला

कार्यपत्रिका पुढच्या आठवड्यात निघेल असं कार्यालयात कळलं. मैदानाच्या हरकतीचे २१ दिवस उरले आहेत, त्यामुळे पहिला अंक त्या एकाच विषयाचा काढतो आणि त्यात तुटीचा तक्ता टाकतो. @भागनकाशा, तक्ता तयार झाला की इथे टाकतो, आकडे एकदा तपासून द्याल का?

भागनकाशा

जरूर. सोबत अहवालातलं तक्त्याचं मूळ पानही टाका, आणि क्षेत्र हेक्टरमध्ये दिलं असेल तर चौरस मीटर करताना दशांश चिन्ह तपासा. तक्त्यात बहुधा तिथेच चूक होते.